दुसरी किल्ली

"बोट घेतलीय म्हणे तुम्ही? मज्जा आहे बुवा तुमची!"

भारतात आलं, की हे वाक्य मला निदान दहा वेळा तरी ऐकावं लागतं. म्हणणारीच्या डोळ्यांपुढे सिनेमातली पांढरीशुभ्र, दोन मजली बोट असते आणि तिच्यावर गॉगल लावून बसलेली मी! आता तिचा हिरमोड कशाला करायचा, म्हणून मी नुसती हसते. खरं तर आमची बोट एकवीस फुटांची, आधी दुसऱ्या कुणीतरी बारा वर्षं वापरलेली. समोर पाच-सहा जण दाटीवाटीनं बसतील एवढी जागा, मागे पोटात पेट्रोलचं इंजिन आणि बाहेर पाण्यात पंखा. बस्स.

मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांना अशा बोटीचं काही अप्रूप नाही. वर ह्युरॉन, खाली ईरी ही दोन अवाढव्य सरोवरं आणि त्यांच्या मध्ये आमचं लेक सेंट क्लेअर. पलीकडचा काठ कॅनडात. सरासरी खोली जेमतेम ११ फूट. उथळ म्हणून निर्धास्त वाटतं, पण उथळ असल्यामुळेच वारा सुटला की लाटा चटकन उसळतात. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं.

तेव्हा म्हणजे बोट घेतल्यावरची पहिली तीन वर्षं. बोट हा नवऱ्याचा प्रांत होता. तो तासन् तास तिच्यात डोकं घालून बसायचा. नवी बॅटरी, नवा रेडिओ, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, उत्तम गाद्या... काय काय आणलं म्हणून सांगू! माझ्याकडे खाण्याचा डबा, टॉवेल, सनस्क्रीन आणि मुलीचा जास्तीचा फ्रॉक. बोटीत बसायचं, पण बोट कशालाही लावायचं नाही, असा आमचा अलिखित करार होता. आणि खरं सांगू? मला तो सोयीचा वाटत होता. न शिकण्यातही एक सोय असते हो. आपल्यावर जबाबदारी येत नाही.

२०२२ च्या जुलैमधला रविवार. पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. लेक नऊ वर्षांची. काठापासून बरंच आत जाऊन आम्ही नांगर टाकला आणि नवरा पोहायला उतरला. अंगात लाइफ जॅकेट नाही. "मला पोहता येतं की!" मी खाली वाकून डब्यातून मेथीचे ठेपले काढत होते. वर पाहिलं, तर नवरा मघापेक्षा लांब दिसला. आधी वाटलं, तोच लांब गेलाय. पण गेला होता तो नव्हे, आम्ही! वारा उठला होता, नांगर तळावरून घसरत होता आणि बोट पळत होती. तो पोहत आमच्याकडे येत होता, आणि वारा आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त वेगानं लांब नेत होता.

मी चाकापाशी गेले आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं, लागेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. नवरा हात उंच करून काहीतरी ओरडत होता, शब्द वाऱ्यावर उडून जात होते. फेकायची चौकोनी उशी असते, पाण्यावर तरंगणारी. ती शोधली, तर ती बर्फाच्या पेटीखाली दाबलेली! ओढून काढली, फेकली, पण वाऱ्यानं ती निम्म्या वाटेवर पाडली. समोर महागडा रेडिओ होता. त्याचं कुठलं बटण दाबायचं, हे मला माहीत नव्हतं. लेक रडायला लागली. सासूबाई डोळे मिटून रामरक्षा पुटपुटत होत्या. माझे हात इतके कापत होते, की...

असो. नवरा वाचला. जवळून जाणाऱ्या एका बोटीतल्या जोडप्यानं त्याला पाहिलं. ती बोट हळूहळू त्याच्यापाशी आली, पंख्यानं इजा होऊ नये म्हणून इंजिन पूर्ण बंद झालं, मागची शिडी खाली सुटली आणि त्याला वर घेतलं गेलं. सगळा प्रकार वीसेक मिनिटांचा असेल. बोट चालवत होत्या सत्तरीच्या एक आजीबाई. त्यांचे यजमान शिडी धरून उभे होते.

इंजिन का लागलं नव्हतं? कारण ऐकाल तर हसाल. चाकाजवळ एका बटणाला क्लिप असते, तिला लाल दोरी. ती दोरी चालवणाऱ्यानं स्वतःला अडकवायची. तो पाण्यात फेकला गेला, तर क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं, म्हणजे मोकाट बोट त्याच्याच अंगावर येत नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात चालवताना ही दोरी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. नवऱ्याला तिची इतकी सवय झालेली, की मनगटाला दोरी असतानाच त्यानं पाण्यात उडी मारली होती! जास्तीची क्लिप माझ्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात होती. फक्त मला ते माहीत नव्हतं.

धक्क्यावर परतल्यावर आजीबाईंनी मला विचारलं, "तुला चालवता येत नाही?" मी मान हलवली. "मग तुझ्या बोटीत एवढं सामान आहे, त्याचा उपयोग काय?" त्या रागावल्या नव्हत्या. पण मला ते फार लागलं.

रात्री घरी आमचं जोरदार भांडण झालं.

"तुला साधं एवढंही माहीत नसावं?"

"तू सांगितलंस कधी?"

"तू विचारलंस कधी?"

दोघंही बरोबर होतो, म्हणूनच भांडण जास्त वेळ चाललं. शेवटी सासूबाई बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, ती नसती ना, तर तुला डाळ-भाताचा कुकर लावता येतो. मी तुला शिकवलंय. मग तिला हे तू का नाही शिकवलंस?" विषय तिथे संपला.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. बोटीत काय काय बसवलंय, यापेक्षा ते वापरायला किती जणांना येतं, हे महत्त्वाचं. दोन मोठी माणसं बसणार असतील, तर दोघांनाही बोट सुरू करता, थांबवता आणि मदत मागता आलीच पाहिजे.

मी बोट चालवण्याच्या सुरक्षिततेचा रीतसर अभ्यासक्रम केला. मिशिगनमध्ये ३० जून १९९६ नंतर जन्मलेल्यांनाच तो सक्तीचा आहे. मी त्यातून वयानं सुटले होते, तरी केला. रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर बोलायला शिकले. जिवावर बेतलं असेल तर 'मेडे' हा शब्द तीनदा, मग बोटीचं नाव, आपण कुठे आहोत, काय झालंय आणि किती माणसं आहेत. रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटणही असतं. ते दाबून धरलं की आपला ठावठिकाणा आपोआप जातो. पण त्यासाठी रेडिओची नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो आणि तो जीपीएसला जोडावा लागतो. आमच्या रेडिओचं यातलं काहीच झालं नव्हतं! म्हणजे त्या दिवशी मी ते बटण दाबलं असतं, तरी कुणाला आम्ही कुठे आहोत ते कळलं नसतं. नांगराचंही तेच. पाणी जितकं खोल, त्याच्या निदान सातपट दोर सोडावा लागतो. आमचा दोर मुळातच आखूड होता. गाद्या मात्र उत्तम होत्या.

मग मी देखभालीत शिरले. सुरुवातीला भीती वाटली, पण हळूहळू लक्षात आलं, की यातलं बरंचसं स्वयंपाकघरात आधीच शिकून झालंय. इंजिन थंड ठेवायला सरोवराचं पाणी ओढून घेणारी रबरी पाकळ्यांची एक चक्री असते. कुकरच्या रिंगसारखीच ती. कडक झाली की दगा देणार. आपण रिंग पार निकामी होईपर्यंत थांबतो का? ही चक्रीसुद्धा आधीच बदलायची, नाहीतर इंजिन तापून बसतं. इंजिनातून पंख्याकडे जाणारा दांडा जिथे बाहेर पडतो, तिथे रबराचा घड्यांचा भाता असतो. त्याला चीर गेली, की पाणी थेट बोटीत. म्हणून दर वसंतात प्रत्येक घडी बोटांनी उलगडून बघायची. आणि सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे तळाचं बूच. थंडीत पाणी निघून जावं म्हणून काढलेलं बूच बसवायला विसरून बोट पाण्यात लोटणारे दरवर्षी कुणी ना कुणी निघतात. आमचं बूच आता किल्लीलाच बांधून ठेवलेलं असतं.

बाहेरच्या धातूच्या भागांना पाण्यात गंज चढू नये म्हणून वेगळ्या धातूचा एक तुकडा लावतात. समुद्रात जस्ताचा चालतो, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा लागतो. तो स्वतः झिजतो आणि बाकीच्यांना वाचवतो. मला तो तुकडा फारच ओळखीचा वाटला! गंमत म्हणजे, निम्मा झिजला की तो बदलायचा असा दंडक आहे. घरोघरीच्या झिजणाऱ्यांसाठी असा दंडक कुणी केला नाही.

सर्वात मोठा धडा मात्र सासूबाईंनी दिला. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या पुन्हा आल्या होत्या. पंपावर पेट्रोल भरून झालं, नवरा किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब रे, वास येतोय. गॅस लीक झाला की येतो तसा." नवरा म्हणाला, "आई, पेट्रोल भरलंय, वास येणारच." त्या ऐकेनात. इंजिनावरचं झाकण उघडलं, तर पेट्रोलच्या नळीचा पट्टा ढिला होऊन खाली थेंब थेंब गळत होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, आपल्या सिलिंडरमधल्या गॅससारखीच. ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते. एक ठिणगी पुरे. म्हणून अशा इंजिनाच्या बोटीत हवा बाहेर फेकणारा पंखा असतो, तो चार मिनिटं चालवायचा आणि मगच इंजिन लावायचं. पण पंख्याच्या भरवशावर न राहता स्वतःच्या नाकानंही वास घ्यायचा. 'गॅसचा वास आला तर दिवा लावू नको, खिडक्या उघड,' हे ज्या पिढीला रक्तात भिनलंय, तिच्या नाकावर माझा आता पूर्ण विश्वास आहे. याच कारणानं बोटीच्या इंजिनाला मोटारीचा स्वस्तातला अल्टरनेटर किंवा स्टार्टर कधी लावू नये. बोटीचे ठिणगी बाहेर पडणार नाही असे बंदिस्त बनवलेले असतात. थोडे डॉलर वाचवायला जाल आणि...

दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत आमच्याकडे दोन कामं जोडीनं चालतात, फराळ आणि बोट झाकणं. आमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली कशी तडकते? इंजिनात राहिलेलं पाणी तसंच लोखंडाला तडा देतं. म्हणून सगळं पाणी काढून त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, पेट्रोल टिकवण्याचं औषध घालायचं, बॅटरी घरी आणायची आणि वरून प्लॅस्टिक ताणून बसवायचं. माझं माहेर अलिबागकडचं. पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होड्या मी लहानपणापासून पाहिल्यात. इथलं पांढरं प्लॅस्टिक म्हणजे तेच शाकारणं. फरक एवढाच, की तिथे पाऊस संपायची वाट बघायची आणि इथे बर्फ. खंडेनवमीला पाने-पक्कड घासूनपुसून पाटावर मांडते, हळद-कुंकू वाहते. त्यांना पूजेचा मान आहेच की!

आता एक प्रश्न मला मैत्रिणी हमखास विचारतात. "अगं, आधीच कमी कामं आहेत का? आणखी एक अंगावर कशाला घेतेस?" प्रश्न अगदी रास्त आहे. बाईनं काही शिकलं, की ते काम कायमचं तिच्या गळ्यात पडतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. म्हणूनच सांगते, येणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल बदलणं, अँटिफ्रीझ भरणं ही कामं नवराच करतो. मला येतात, पण मी करत नाही. माझ्याकडे जॅकेटं, अग्निशामक आणि संकटात पेटवायच्या लाल ज्योती. ज्योतींची मुदत ४२ महिन्यांची. एकदाच वापरायच्या अग्निशामकावर छापलेल्या सालापासून १२ वर्षं झाली, की तो टाकून द्यायचा. तारखा बघायची सवय आपल्याला मसाल्याच्या पाकिटांनी लावलेलीच असते. आणि हो, बोटीवरचा डबा आता नवरा भरतो. त्याचे ठेपले जाड होतात. चालायचंच.

जॅकेटच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. अमेरिकन कोस्ट गार्डचा २०२३ सालचा अहवाल सांगतो, की त्या वर्षी मौजेच्या बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं, त्यांतली ७५ टक्के बुडून. आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. बऱ्याचदा जॅकेटं बोटीत असतात हो! पण बाकाखाली, गाठ मारलेल्या पिशवीत, आमच्या त्या उशीसारखी कशाखाली तरी दाबलेली. लहान मुलाचं जॅकेट वयावर नव्हे, वजनावर घ्यायचं. घातल्यावर खांद्याशी धरून वर उचलून बघायचं. हनुवटी आत गेली, तर ते मोठं आहे. 'पुढच्या वर्षी होईल' म्हणून मोठा फ्रॉक घेतात, जॅकेट नाही.

हे सगळं अमेरिकेतल्या बोटीचं झालं, आम्हाला काय त्याचं, असं वाटत असेल ना? मग आपल्याकडचं बघू. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका बोट उलटून गेल्या. बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. १५ जीव गेले. त्यानंतर गेटवेवरच्या बोटींत प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं. आधी का नव्हतं, हा प्रश्न उरतोच.

मागे एकदा कोकणातल्या एका किनाऱ्यावर आम्ही स्पीडबोटीत बसायला गेलो होतो. मुलीला दिलेल्या जॅकेटचा पट्टा तुटलेला. मी दुसरं मागितलं. "काही नाही होत ओ ताई, पाच मिनिटांची तर राउंड आहे!" मागच्या रांगेतून कुणीतरी "चला हो लवकर" म्हणालं. क्षणभर मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण मी हटले नाही. दुसरं जॅकेट आलं, तेही मागे ढिगात पडलेलंच होतं. मग मी त्या मुलाला विचारलं, तुझ्या कमरेची ती दोरी कुठे आहे? तो बघतच राहिला. मग हसला आणि खिशातून काढून लावली. राग नाही, काही नाही. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

भाजीवाल्याकडे आपण मिरच्या निवडून घेतो, रिक्षावाल्याला मीटर टाकायला लावतो. मग बोटीत बसतानाच इतकं संकोचायला काय झालं? माझं एवढंच मागणं आहे. यापुढे कुठल्याही बोटीत बसाल, तेव्हा जॅकेट हातात नको, अंगात आहे ना, पट्टे लागतात ना, ते बघा. चालवणाऱ्याला काही झालं तर दुसरं कोण चालवणार, ते विचारा. आणि बोट घरची असेल, तर ते दुसरं माणूस तुम्हीच व्हा.

आमच्या बोटीच्या दोन किल्ल्या आहेत. पहिली तीन वर्षं दोन्ही नवऱ्याच्या खणात असायच्या. आता दुसरी माझ्याकडे असते, स्वयंपाकघरातल्या खुंटीवर. तिला बूच आणि जास्तीची लाल दोरी बांधलेली आहे.